सियापेन वतान

माहाताव, बतान बेट
२० ऑगस्ट १९९५

सियामान मानिवांग यांना,

आमच्या बंदराकडून तुमच्या बंदराला आणि दामासो एलिकाकडून तुमच्या सगळ्या घराला नमस्कार.

ओळखलंत ना? एप्रिलात तुमच्या इवालिनो गावाच्या किनाऱ्याला जी मोडकी होडी लागली, तिच्यातला जिवंत राहिलेला तो मी. दाढी केल्यावर बरा दिसतो. तुमच्या मुलीने, सी मानिवांगने, निघताना पत्ता दिला आणि दटावलं होतं, "मारान, पोचलात की लिहा, नाहीतर बाबा रोज समुद्राकडे बघत बसतील." काकाला आम्हीही मारानच म्हणतो. लिहायला उशीर झाला. हात धड नव्हते आणि मनही नव्हतं.

दक्षिणेचा वारा असला की होडी आपोआप तुमच्याकडे येते, हे आम्ही दोघा भावांनी दाखवून दिलंच आहे. पत्राला मात्र आधी मनिला, मग तैपेई, मग तुमचं पोंसो बेट. सरकारच्या हाती होडी दिली तर ती आकाशातूनही वळसा घेईल.

मी माझ्या भाषेत लिहितोय. तुम्ही तुमच्या भाषेत लिहा. तुमचं बायबल आमच्याच लिपीत छापलंय ना, मग अडतंय कुठे? इथे मनिलाहून एक बाई आवाज टिपायचं यंत्र घेऊन आल्या आहेत. त्यांनी कागदावर एक झाड काढलं. एका फांदीवर आम्ही, एकीवर इत्बायात बेटावरचे, एकीवर तुम्ही. म्हणाल्या, "हे भाषांचं अगदी छोटं कूळ आहे, दामासो." मी म्हटलं, "बाई, तुमचं झाड आत्ता उगवलं. मला हे वाळूत पडल्या पडल्या कळलं होतं." मी "दानुम" म्हणालो आणि तुम्ही "रानोम, रानोम" करत पाण्याचा भोपळा घेऊन धावलात. होडीत किती जण, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं "दाद्वा." तुम्ही दोन बोटं वर करून म्हणालात "दोआ?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दोनाचा एक झाला. 'आसा'. एक हा आकडा आपण दोघंही सारखाच म्हणतो.

माझ्या धाकट्या भावाला, किलिनोला, तुम्ही कुठे ठेवलंत ते मी पाहिलं नाही, तापात होतो. नंतर कळलं, परक्याच्या प्रेताला हात लावायला गावात कोणी धजत नव्हतं. तुम्ही एकट्याने वेताचं चिलखत चढवलंत, भुताखेतांना अडवायला हातात भाला घेतलात आणि त्याला उचललंत. ज्या माणसाशी तुमचं काही नातं नव्हतं त्याच्यासाठी. मला यासाठी शब्द सापडत नाही, बाईंच्या यंत्रातही नसावा. आई म्हणते, लिही, त्यांचे हात मी माझ्या डोळ्यांना लावते.

सोबत आमचा लसूण पाठवतो आहे. टपालवाल्यांनी खाल्ला नाही तर तुमचा.

तुमचा,
दामासो

•

इवालिनो, पोंसो नो ताओ
१८ ऑक्टोबर १९९५

मारान दामासो,

पत्र आलं. लसूणही आला, पण पाकिटाच्या वासाने टपालवाला इतका वैतागला होता की त्याने ते दारातूनच आत फेकलं.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. डोळ्यांनी वाचलं तर अर्धं कळत नाही, कानाने वाचलं तर बहुतेक कळतं. बाबा मध्ये मध्ये ओरडत होते, "थांब, हा 'ताताला'ला 'तताया' काय म्हणतो? होडीचं नाव धड घेता येत नाही म्हणूनच बुडाली!" आणि तुमचे आकडे ऐकून तर ते हसून हसून खोकले. दाद्वा, तात्दो, दादिमा! म्हणाले, "विचार त्याला, प्रत्येक आकडा दोनदा का मोजतात? मासे कमी मिळतात म्हणून?" आम्ही सरळ दोआ, तिलो, लिमा म्हणतो. बाबांचं म्हणणं, ज्याचं बोलणं छोटं तो थोरला, कारण त्याला कोणाला समजावत बसावं लागत नाही. तेव्हा त्या बाईंना सांगा, झाडाचं खोड इथे आहे, तुम्ही फांदी.

बाबा आणखी म्हणतात, आभार मानू नका. तुमच्या जागी ते असते तर तुम्हीही पाणी आणलं असतं. आमच्या जुन्या लोकांच्या गोष्टींत आमची माणसं होडी घेऊन तुमच्याकडे जायची, बकऱ्या आणि सोनं घेऊन यायची. मग भांडण झालं आणि जाणं बंद पडलं. बाबांच्या मते भांडण तुमच्या लोकांनी सुरू केलं. ते माफ केलं, असं लिही म्हणाले.

दुसऱ्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत. त्याच्याबद्दल बाबा बोलत नाहीत. बोलू नये. तो नीट आहे.

बाबा नवी होडी करताहेत, जंगलातून लाकूड आणलंय. मी सध्या सुरणाच्या वाफ्यात उतरत नाही, आई उतरू देत नाही. का, ते विचारू नका, अशा गोष्टी आधी बोलून दाखवत नाहीत. नवरा रोज माझ्या वाटचं पाणी भरतो आणि रोज भांडं फोडतो.

सी मानिवांग

•

माहाताव
५ डिसेंबर १९९५

सियामान मानिवांग आणि सी मानिवांग,

पत्र वाचून आई किती दिवसांनी हसली म्हणून सांगू! माझी आई इत्बायातची आहे. तिथले लोक काही शब्द घशातून असे काढतात की माशाचा काटा अडकलाय असं वाटावं. लहानपणी आम्ही दोघं भाऊ तिची नक्कल करायचो आणि मार खायचो. आता त्या यंत्रवाल्या बाई आईसमोर बसतात आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा काढायला लावतात. म्हणतात, हा फार जुना आवाज आहे, बाकीच्यांनी गमावला. आईचा रुबाब विचारू नका! बंदरावर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, "तुम्ही सगळे माझ्यानंतरचे." तेव्हा खोड तुम्हीही नाही, मीही नाही. खोड माझी आई आहे.

पण हसू तेवढ्यापुरतंच. आता जे लिहितो ते मन घट्ट करून लिहितो.

नोव्हेंबरात आमचा मृतांचा सण झाला. घराघरातले लोक आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावतात आणि नाव घेतात. आई रिकाम्या हातांनी घरी बसली. म्हणाली, "माझ्या पोराला पुरलं त्या जागी त्याचं नाव अजून एकदाही कोणी घेतलं नाही. नाव घेतल्याशिवाय त्याला कळायचं कसं, की आपल्याला कोणी विसरलेलं नाही?" नाव घेतलं जाईपर्यंत काळे कपडे उतरवणार नाही, असा तिने हट्ट धरलाय. आणि आमच्याकडे ज्या घरात सुतक चालू आहे, त्या घरची होडी मार्चमध्ये बंदर उघडण्याच्या विधीला लागत नाही. विधी नाही तर मासेमारी नाही. सगळा मोसम आराय्यु मासा बंदरासमोरून उड्या मारत जाईल आणि मी काठावर बसून जाळी विणत बसेन. मला त्याचंही फारसं नाही. आई जेवत नाही, त्याचं आहे.

म्हणून हात जोडून मागतो. एकदा त्याच्या जागेपाशी जा आणि आमच्या किलिनोचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणा: त्रांकिलिनो एलिका. एवढंच. जमलं तर एक फोटो. इतकं केलंत तर आई उठेल.

तुमच्या उपकाराखाली आधीच वाकलेला,
दामासो

•

इवालिनो
२ फेब्रुवारी १९९६

मारान दामासो,

तुमच्या मागच्या पत्रातलं ते नाव मी वाचलं नाही. वाचता वाचता थांबले. नंतर ती ओळ चाकूने खरवडून काढली. रागावू नका. गेलेल्या माणसाचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही. घेतलं तर तो आपल्याला बोलावलं असं समजून उठून येतो, घरापर्यंत येतो. त्या जागी कोणी जातही नाही. फोटो तर दूरच.

सियापेन वतान यांनी स्पष्ट सांगितलंय, हे जमणार नाही, पुन्हा मागू नका. पण सियापेन वतान असंही म्हणाले, त्याच्या आईला सांग, थोडी कळ काढ.

आमच्याकडे गेल्या महिन्यात खूप काही झालं. मला बसवत नाही, म्हणून थोडक्यात. यापुढे पाकिटावर सी मानिवांग लिहू नका, सियामान मानिवांगही नको. ती नावं आता कोणी उच्चारत नाही, गावात ऐकलं तर लोक हसतील किंवा दचकतील. तुम्हाला वेगळं समजावायला नकोच, मारान. आपलं कूळ एक, तुमच्याकडेही असंच असणार.

सिनान वतान

•

माहाताव
६ मार्च १९९६

श्रीमती सिनान वतान यांना,

आपली माझी ओळख नाही. आपलं आडनाव आमच्या बेटाच्या नावासारखंच आहे, बतानला आम्ही बोलताना वतानच म्हणतो, पण तो योगायोग असावा. त्या घराच्या वतीने आपण कळवलंत, याबद्दल आभार. अक्षरही अगदी तिच्यासारखं आहे. तिनेच शिकवलं असेल.

आपलं पत्र मी बंदरावर उभ्या उभ्या दोनदा वाचलं. ती नावं आता कोणी उच्चारत नाही. त्याच पत्रात आपण लिहिलंत, गेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत. एवढं कळायला मला कुठल्या बाईंचं यंत्र नको. दोघंही? बाप आणि मुलगी, दोघंही?

कशाने गेले हेही आपण लिहिलं नाहीत, लिहायचं नसतं हे आता समजलं. पण मला एक सांगा. माझ्या भावाला हात लावल्यामुळे झालं का हे? की मी ते नाव लिहून पाठवलं, म्हणून झालं? मी मागितलं नसतं तर? तुमच्या बेटावर ज्या एका माणसाला भीती वाटली नाही, त्यालाच मी अडचणीत घातलं. आणि ती पोर, तिला सुरणाच्या वाफ्यात उतरू देत नव्हते! आजारी होती आणि मी तिला लसूण पाठवत बसलो.

आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, आता ती अंथरूणच धरेल. पण ती उठली. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा तिने केस विंचरले, टोपली घेतली आणि चर्चला गेली. म्हणाली, "माझ्या पोरासाठी त्यांच्याकडे नाव घेता येत नसेल. त्यांच्यासाठी इथे घेता येतं." फादरकडून मिस्सा सांगून घेतली. सगळ्या गावासमोर नाव वाचलं गेलं: सियामान मानिवांग, सी मानिवांग. लोक रडले, सिनान बाई. ज्यांनी तुमचं तोंडही पाहिलं नाही असे लोक रडले. आईने दोन मेणबत्त्या लावल्या आणि विझेपर्यंत बसून राहिली.

आता आमच्या घरात तिघांचं सुतक आहे. या आठवड्यात बंदर उघडलं. सगळ्यांच्या होड्या लागल्या. माझी काठावर उलटी पडली आहे. बंदराचा म्होरक्या म्हणाला, "दामासो, परक्यांसाठी मोसम घालवतोस?" मी म्हटलं, "ते परके असते तर मी आज भांडायला इथे नसतो."

त्या घरात आणखी कोणी उरलं असेल, तर त्यांना सांगा, त्यांच्या माणसांचा मी जन्मभर ऋणी आहे. सियापेन वतान कोण आहेत ते मला ठाऊक नाही. त्यांनाही नमस्कार.

दामासो एलिका

•

इवालिनो
१० एप्रिल १९९६

मारान! मारान! मारान!

अहो, मी जिवंत आहे! अक्षर माझ्यासारखं आहे कारण ते माझंच आहे!

तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर वाचायला घेतलं. "श्रीमती" ऐकल्यावर आईने विचारलं, कोण? मग पुढचं वाचलं. बाबा पेटले. "माझी मिस्सा घातली? मी इथे होडीला भोकं पाडतोय आणि तिकडे माझ्या नावाने मेणबत्त्या? किती लोक होते विचार! रडले का विचार!" रडले म्हटल्यावर जरा शांत झाले. आता दिवसातून एकदा कोणाला तरी पकडून सांगतात, "वतानला माझ्यासाठी आख्खं चर्च रडलं. तुझ्यासाठी कुत्रं तरी भुंकेल का?"

चूक माझी. मला वाटलं, बोली एक तर रीतही एकच. इथल्या शिक्षकांनी, ते तैवानचे, समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की तुमच्याकडे माणूस जन्मापासून मरेपर्यंत एकच नाव वापरतो. कंटाळा नाही येत?

आता नीट ऐका. मानिवांग हे आडनाव नाही. मानिवांग मी, मूल होईपर्यंत सी मानिवांग. मी जन्मले तेव्हा बाबा सियामान मानिवांग झाले, म्हणजे मानिवांगचे बाबा. आई झाली सिनान मानिवांग. त्याआधीची त्यांची नावं कोणीच घेत नाही. जानेवारीत मला मुलगा झाला. हो, म्हणूनच सुरणाचा वाफा बंद होता, तुम्ही आजार समजलात! पहिलं मूल झालं की आई-बापाचं जुनं नाव सुटतं आणि पहिल्या नातवाबरोबर आजी-आजोबांचंही सुटतं. मी आता सिनान वतान. नवरा सियामान वतान, भांडी अजून फोडतो. आणि माझे आई-बाबा दोघंही सियापेन वतान, वतानचे आजोबा, वतानची आजी.

मुलाचं नाव वतान का, ते बाबांनी स्वतः सांगायचं ठरवलंय. ते बोलताहेत तसं लिहिते.

"दामासो, ऐक. तुझ्या आईने मागितलं ते मला देता येत नव्हतं. त्याचं नाव मी घेणार नाही, माझ्या घरावर मला तो नको. पण बाई जेवत नाही असं तू लिहिलंस. ते माझ्या घशाखाली उतरेना. त्याला मी उचललं तेव्हा तो हलका होता. पुरताना त्याचं डोकं दक्षिणेकडे केलं, तुमच्या बेटाकडे. एवढंच मला सुचलं होतं. मग हे पोर झालं. झऱ्याचं पाणी त्याच्या टाळूवर लावून नाव ठेवायचं होतं. बायको म्हणाली, तुझ्या आजोबांच्या होडीचं ठेव. मी म्हटलं, नाही. तो माणूस जिथून आला त्या जागेचं ठेव. माणसाचं नाव घेता येत नाही, जागेचं येतं. जागा मरत नाही.

"आता बघ. मार्चमध्ये आम्ही उडत्या माशांना हाक मारायला किनाऱ्यावर गेलो. चांदीचे टोप घालून सगळे पुरुष होते. कोंबडीचं रक्त किनाऱ्याच्या दगडांना लावलं. तुमच्या विधीचं नाव आणि आमच्याचं नाव जवळजवळ एकच आहे ना? म्होरक्या माझ्याकडे वळून ओरडला, 'सियापेन वतान, पुढे ये!' सगळ्या बंदराने ऐकलं. ते बंदर त्याला पुरलं त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. रोज सकाळी शेजारीण कुंपणावरून विचारते, 'सिनान वतान, आग आहे का?' संध्याकाळी पोरं ओरडतात, 'सियापेन वतान, मासा दे!' दिवसभर तिथे तुमच्या बेटाचं नाव घेतलं जातं. तो ऐकत असेल तर ऐकतोच आहे. आणि त्याला उठून यावं लागत नाही, कारण त्याला कोणी बोलावत नाही. फक्त त्याचं घर कुठे आहे, ते त्याला रोज ऐकू येतं.

"हे माझ्या मरेपर्यंत चालेल. मग या पोराचं पोर होईपर्यंत चालेल. तेवढं पुरे आहे का, तुझ्या आईला विचार."

एवढं बोलून बाबा होडीकडे गेले. पाठ फिरवून डोळे पुसत होते, पण हे लिहिलं म्हणून सांगू नका.

तुमची,
सिनान वतान, जिवंत

•

माहाताव
१४ मे १९९६

सियापेन वतान, सिनान वतान, भांडी फोडणारे सियामान वतान, आणि छोटे वतान,

पत्र आलं तेव्हा आई अंगणात लसूण निवडत होती. मी वाचत गेलो. मिस्सेचा भाग आला तेव्हा आम्ही दोघं असे हसलो की शेजारी धावत आले. फादरना सांगितलं. ते म्हणाले, मिस्सा वाया जात नाही, पुढे कधीतरी कामाला येईल. तेव्हा तुमची आगाऊ झालेली आहे, निश्चिंत राहा.

मग तुमचे शब्द वाचले. आईच्या हातातून टोपली सुटली. मला म्हणाली, "ते हाक मारण्याचं पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. आणखी एकदा वाचलं. मग ती आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली तर अंगात निळा झगा होता. काळे कपडे तिने धुऊन दगडी भिंतीवर वाळत घातले होते. बंदराकडे चालायला लागली, मी मागे. म्होरक्याला म्हणाली, "माझ्या पोराच्या होडीसाठी बंदर उघड." तो म्हणाला, "इना, आई, मोसम संपत आला." आई घशातून असं काही म्हणाली की मी ते लिहू शकत नाही, यंत्रवाल्या बाईंनाही ते लिहायला वेगळं अक्षर लागलं असतं. त्याने माझ्यापुरता पुन्हा विधी केला.

मी समुद्रावर गेलो, सियापेन. वर्षभराने गेलो. किलिनोची जागा रिकामी होती, पण मला उत्तरेकडे बघवलं. पहिला आराय्यु हाती लागला. त्यात तुमचाही वाटा होता, तो तुमच्याशिवाय खाल्ला, माफ करा.

तुम्ही विचारलंत, एवढं पुरे आहे का. आईचा निळा झगा हेच उत्तर समजा. मी तुमच्याकडून पाणी घेतलं, मग माझा जीव परत घेतला, मग भावासाठी जमीन घेतली, आता तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावंच घेतली. तुमचं देणं फेडायचा विचार मी सोडून दिला आहे. तुमच्यासारख्या माणसाच्या ऋणात असणं बरं वाटतं.

आई एक प्रश्न विचारते. मुलाला आमच्या बेटाचं नाव आहे, तिच्या पोरामुळे आहे. मग तुमच्या रीतीने तिचंही नाव बदलायला नको का? मी म्हटलं, आई, सगळ्या बंदरावर तुला एकाच नावाने ओळखतात. ती म्हणाली, "शिकतील." गेल्या रविवारपासून जुन्या नावाने हाक मारली तर ती मान वळवत नाही. बंदरावरच्या पोरांना आधी हसू आलं, आता सवय झाली. लिहिता येत नाही तिला, तरी या पत्रावर सही तिनेच करायची असं ठरलंय. सकाळपासून मी अक्षरं गिरवून घेतोय, तीन कागद फाटले. खाली तिच्या हातचं आहे.

सियापेन वतान
माहाताव